वाटीची वाटणी

आईच्या मागे तिच्या वस्तूंची वाटणी आम्ही तिघा भावंडांनी एका दुपारी उरकली. पाटल्या, दोन पैठण्या, तांब्याचा बंब, पुरणयंत्र, देवघरातली समई. कुठं शब्दाला शब्द लागला नाही. अडलो ते एका वाटीपाशी. आईची मापाची वाटी. मोडीत घातली तर तिचे काय येतील ते येतील, पण ती तिघांनाही हवी होती आणि ती एकच होती.

शेवटी वाटी ताईबरोबर नागपूरला गेली आणि ते योग्यच झालं. थोरली ती. आईच्या शेवटच्या तीन दिवाळ्यांचा फराळ तिनंच आईशेजारी बसून केलेला. मला आईची पाककृतींची वही मिळाली. धाकट्याला पुण्यात न्यायला पोळपाट मिळाला. आपापली वस्तू कापडात गुंडाळून आम्ही आपापल्या गावी गेलो.

ती वाटी पितळेची, बसक्या बुडाची, काठ किंचित बाहेर वळलेला. अंगावर कोरलेलं नाव साठ वर्षांच्या चिंचेनं आणि राखेनं घासून गेलंय. ‘कडून सप्रेम’ आणि ‘मे १९६१’ एवढंच अंगठ्याला लागतं. आईच्या लग्नातला तो आहेर. एका अंगाला पोचा आहे, तो माझ्यामुळे. मी तिसरीत असताना वाटी माझ्या हातून न्हाणीच्या दगडावर पडली. आईनं ती उजेडाकडे धरून फिरवून पाहिली आणि म्हणाली, “असू दे. सगळं तिनंच तर मोजायचंय.” आई रागावली नाही, एवढंच तेव्हा माझ्या ध्यानात राहिलं.

पुढच्या दिवाळीला साताऱ्यात माझे बेसनाचे लाडू बसले. परातीत गोल ठेवलेले लाडू तासाभरानं पाहिले तर त्यांची भाकरी होऊ लागलेली. वहीत आईच्या अक्षरात स्वच्छ लिहिलं होतं: ‘डाळीचे पीठ ४ वाट्या, तूप दीड वाटी, पिठीसाखर ३ वाट्या.’ माझी स्टीलची वाटी आईच्या वाटीपेक्षा मोठी होती हे खरं, पण त्यानं बिघडायला नको होतं. आई म्हणाली होती तेच, सगळं एकाच वाटीनं मोजलं की वाटी मोठी असो, लहान असो, पोचा पडलेली असो, प्रमाण तेच राहतं. लाडू चार जास्त होतील किंवा चार कमी. मग तूप वर का आलं?

त्याच वर्षी गणपतीत धाकट्याच्या घरी मोदक फुटले होते. त्यानं वहीचा फोटो मागवून घेतला होता. उकडीला ‘पीठ आणि पाणी समप्रमाणात’ असं वाचून त्यानं नव्या डिजिटल काट्यावर २०० ग्रॅम तांदळाचं पीठ आणि २०० ग्रॅम पाणी मोजलं. उकड कोरडी पडली, पारीला कळ्या येईनात, तडे गेले. आईचं ‘सम’ वाटीतलं होतं. एक वाटी पिठाला एक वाटी पाणी. वाटीभर पीठ हलकं, वाटीभर पाणी जड. वजनानं पाहिलं तर पिठाच्या दीडपटीहून जास्त पाणी लागतं. शब्द तोच, वाचणारा पोटचा मुलगा, आणि तरी मोदक फुटला.

तेव्हा धाकट्यानंच फोनवर सुचवलं, “वाटी एकीकडेच राहणार. वजनं काढली तर ती तिघांकडे राहतील.” मला ते पटायला दोन दिवस लागले. आईच्या हातचं ग्रॅममध्ये मांडायचं हे मनाला बरं वाटेना. पण एक वस्तू तीन घरांत नांदवायची दुसरी वाट नव्हती. पुढच्या वर्षी दसरा झाल्यावर ताई आठ दिवसांसाठी साताऱ्याला आली. येताना पर्समध्ये, रुमालात बांधून वाटी घेऊन आली. धाकट्यानं त्याच्यासारखाच एक काटा माझ्याकडे पाठवला होता.

पहिल्यांदा पाणी. ओट्यावर काटा, काट्यावर रिकामी वाटी, मग काटा शून्यावर आणला आणि काठोकाठ पाणी भरलं. १६० ग्रॅम. म्हणजे वाटीत १६० मिलिलीटर मावतं, वेगळा हिशेब नको. हे सोपं झालं ते फ्रान्समधल्या लोकांमुळे. १७९५ साली त्यांनी ग्रॅम ठरवला तोच पाण्यावरून: वितळत्या बर्फाइतक्या थंड पाण्याचा एक घन सेंटिमीटर, त्याचं वजन एक ग्रॅम. पुढे किलोचा बाट धातूचा झाला, आणि २० मे २०१९ पासून तर किलो भौतिकशास्त्रातल्या एका स्थिरांकावर, प्लांकच्या स्थिरांकावर, बेतलेला आहे. पण स्वयंपाकघरात अजून पाण्याचंच राज्य आहे. माप आणि वजन एकमेकांना जिथं भेटतात ती जागा म्हणजे पाणी. पाण्याच्या पुढे गेलं की दोघांच्या वाटा फुटतात.

साखर, सपाट वाटी: १३६ ग्रॅम. तांदूळ: १३३. बारीक रवा: ११२. बारीक मीठ जवळजवळ २००. पातळ पोहे काट्यावर ठेवले तर २२. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. तीच वाटी, तेवढीच भरलेली, आणि एकदा २२, एकदा २००. इतकी वर्षं आम्ही ‘एक वाटी’ म्हणत आलो तेव्हा नेमकं काय म्हणत होतो?

ताईनं तांदळानं भरलेली वाटी पुन्हा काट्यावर ठेवली आणि ती त्यात पेल्यानं पाणी सोडायला लागली. पाणी दाण्यांच्या फटींत उतरत गेलं, लहान लहान बुडबुडे वर आले. काठाशी पाणी दिसू लागेपर्यंत काटा ६५ ग्रॅमनं पुढे सरकला होता. भरलेल्या वाटीत आणखी ६५ ग्रॅम पाणी. तेवढी जागा आतापर्यंत हवेनं धरली होती. साखरेचंही तसंच. साखरेचा दाणा पाण्याच्या दीडपटीहून थोडा जड असतो, म्हणजे १३६ ग्रॅम साखर खरी जागा घेते ती ८५ मिलिलीटरच्या आसपास. बाकीची जवळपास निम्मी वाटी रिकामी, आणि आपण तिला भरलेली म्हणतो.

नागपूरला बाजारात संत्र्यांच्या राशी रचलेल्या असतात ना, त्या ताईच्या रोजच्या पाहण्यातल्या. खालच्या चार संत्र्यांच्या मधल्या खळग्यात वरचं एक. खगोलशास्त्रज्ञ केपलरनं १६११ साली म्हटलं होतं की सारख्या गोळ्यांची याहून दाट रचना होत नाही, आणि त्या रचनेतही शेकड्याला ७४ जागाच भरते, २६ पोकळच राहते. ते सिद्ध व्हायला जवळजवळ चारशे वर्षं गेली. गणितज्ञ टॉमस हेल्सनं १९९८ साली संगणकाच्या मदतीनं सिद्धता मांडली. संत्री हातानं रचून ही गत, तर नुसत्या ओतलेल्या दाण्यांचं काय. ते आडवेतिडवे पडतात, एकमेकांना अडून राहतात, फटी ठेवतात. हलवलं की थोडे बसतात. आपटलं की आणखी बसतात. वाटीला हवा आणि जिन्नस यांतला फरक कळत नाही. काट्याला हवा दिसतच नाही.

दुसऱ्या दिवशी मी वहीची सुरुवातीची पानं उघडली. ती आईनं लग्नाआधी आजीकडून उतरवून घेतलेली. तिथं वाटी नाहीच. तिथं ‘नवटाक तूप’, ‘अच्छेर रवा’, ‘चिपटंभर तीळ’. नवटाक म्हणजे शेराचा आठवा हिस्सा. शेर ८० तोळ्यांचा, तोळा म्हणजे चांदीच्या जुन्या रुपयाचं वजन, ११.६६ ग्रॅम. म्हणून नवटाक तूप म्हणजे १० तोळे, ११७ ग्रॅमला थोडं कमी. हे मी कागदावर मांडलं आणि मला फार समाधान वाटलं. पण पुढच्याच ओळीला थांबले. अच्छेर रवा, म्हणजे अर्धा शेर. कुठला शेर?

शेर दोन होते. वजनी शेर तराजूतला, कैली शेर मापातला. वाण्याकडे तूप, गूळ, सुपारी वजनी, आणि धान्य कैली. कैलीची सगळी उतरंड भांड्यांची: दोन निळवी एक कोळवं, दोन कोळवी एक चिपटं, दोन चिपटी एक मापटं, दोन मापटी एक शेर, चार शेर एक पायली. आणि कैली शेर गावागणिक बदलायचा. एका पेठेचं माप दुसऱ्या पेठेला लागू नव्हतं. रवा धान्यातलाच, तेव्हा आजीचा अच्छेर कैलीच असणार असं आम्ही धरलं. पण तिचं माप कुठल्या गावचं, हे आता विचारायला कुणी उरलं नाही. त्या ओळीपुढे मी ग्रॅम लिहिले नाहीत. जागा कोरी ठेवली.

वाईजवळच्या आमच्या आजोळी खळ्यावर ज्वारी मोजताना मी पाहिलेली आहे. रास उन्हात पिवळी पडलेली, मोजणारा गुडघ्यावर बसलेला, पायली राशीत खुपसून शीग लागेल अशी वर काढायची आणि पोत्यात रिती करायची. पहिल्या पायलीला ‘एक’ म्हणायचं नाही, ‘लाभ’ म्हणायचं. लाभ, मग दोन, मग तीन. दाणे सांडायचे त्याचा एक सरसर आवाज असायचा, पावसासारखा पण कोरडा. तिथं कुणी वजन पाहिलं नाही. आणि नवी नवरी घरात पाऊल टाकते तेव्हा उंबऱ्यावर तांदळानं भरून काय ठेवतात? मापच. पायाच्या अंगठ्यानं तिनं ते आत लवंडायचं. आपल्याकडे घरातल्या बाईची घराशी पहिली गाठ पडते ती मापाशी. आईनं १९६१ च्या मे महिन्यात असंच माप ओलांडलं.

ते साल माझ्या मनात घोळत राहिलं. वजनमापांचा कायदा १९५६ चा. किलोचे बाट १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं बाजारात उतरले, १९६२ पासून ते सक्तीचे झाले. आई संसाराला लागली ती नेमकी या अधल्यामधल्या वर्षांत. वाण्याच्या दुकानात शेर निघून किलो येत होता, तिच्या माहेरच्या वहीत नवटाक आणि चिपटी होती, सासरची मापं आणखी निराळी असतील. अशा वेळी तिनं आहेरातली एक वाटी हातात घेतली आणि तिच्यावर सगळा संसार मोजायला सुरुवात केली. वहीच्या सातव्या पानापासून शेर दिसत नाही, वाटी दिसते. हा तिचा निर्णय होता असं मला आता वाटतं. बाहेर मापं बदलत असताना घरातलं एक माप पक्कं राहिलं.

आणि तसं करणारी ती एकटी नव्हती. १९७० साली कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ आलं आणि ते घराघरांत गेलं, त्याचं एक कारण त्यातलं वाटी-चमच्यांचं प्रमाण. काटा कुठल्या स्वयंपाकघरात होता? वाटी प्रत्येक घरात होती. अमेरिकेत फॅनी फार्मरनं १८९६ च्या आपल्या पुस्तकात कप आणि चमचे सपाट भरायची शिस्त लावली, तिकडे अजून कपच चालतो. जपानात तर भाताच्या कुकरबरोबर १८० मिलिलीटरचा पेला येतो तो त्यांच्या जुन्या ‘गो’ मापाचा. वाटीची ही मोठी भावंडं आहेत जगात. मी आईच्या वाटीचा अभिमान धरते तो एवढ्यासाठी की तिच्यामागे कुठला कायदा नव्हता, पुस्तक नव्हतं, आणि तरी ६० वर्षं तिनं दगा दिला नाही.

मग माझ्या लाडवांना का दिला, ते तिसऱ्या दिवशी कळलं.

मी दुकानातल्या पाकिटातलं बारीक बेसन घेतलं, चमच्यानं वाटीत भरलं, सुरीनं सपाट केलं. ७९ ग्रॅम. ताई म्हणाली, “हे पीठ आईचं नाहीच. आई लाडवाला डाळ गिरणीतून रवाळ दळून आणायची.” ते मला आठवत होतं. गिरणीवाल्याला ‘लाडवाचं’ एवढं सांगितलं की तो दगड सैल करायचा. आम्ही किलोभर डाळ दळून आणली. बारीक पीठ फुगून राहतं, त्याचे कण एकमेकांना चिकटून मधे हवा धरून ठेवतात. रवाळ पीठ खाली बसतं. सपाट वाटी भरली तर १०४ भरली. एवढ्यानंच एक कोडं सुटलं असं मला वाटलं.

“सपाट कुठं घेत होती आई?” ताई म्हणाली आणि तिनं वाटी माझ्या हातातून घेतली.

ती पिठाच्या डब्यासमोर पाटावर बसली. वाटी डब्यात आडवी घातली, उभी करत वर आणली. वाटीचा काठ डब्याच्या काठावर दोनदा टेकवला, आपटला नाही, टेकवला. पीठ बोटभर खाली बसलं. मग पुन्हा वाटी डब्यात घालून वर आणली, आणि या वेळी वर शीग तशीच राहू दिली. लहानशी, देवळाच्या शिखरासारखी. “पीठ दाबायचं नाही,” ती म्हणाली, “पण त्याला बसू द्यायचं.” हे वाक्य आईचंच. मी काट्यावर वाटी ठेवली. १२६ ग्रॅम.

मी तिला पुन्हा भरायला सांगितलं. १२४. पुन्हा. १२७. आकडे पाहून ताईला काही वाटलं नाही, ती हात झटकत होती. मला मात्र काही क्षण बोलता येईना. तीनदा भरलेल्या वाटीत तीन ग्रॅमचा फरक. माझ्या हातानं भरताना कधी ९८ यायचे, कधी ११५. तिचा हात चुकत नव्हता, कारण तो हात तिचा एकटीचा नव्हताच. तीन दिवाळ्या आईशेजारी बसून तिनं तो उचलला होता, तिच्याही नकळत. वाटी ताईकडे गेली असं आम्ही म्हणत होतो. खरं म्हणजे वाटीबरोबर हातही तिच्याकडेच गेला होता आणि वहीत त्याबद्दल एक अक्षर नव्हतं.

पुढचं गणित शाळकरी मुलाला जमेल असं. आईच्या चार वाट्या पीठ म्हणजे ५०० ग्रॅम. दीड वाटी पातळ केलेलं तूप २१९ ग्रॅम. पिठीसाखर ती करंगळी फिरवून सपाटच घ्यायची, वाटीला ९६, तीन वाट्यांना २८८. मी काय केलं होतं? माझी वाटी मोठी, म्हणून आकडे वेगळे, पण आईच्या वाटीत उतरवून पाहिलं तर माझं चार वाट्या पीठ भरतं ३१६ ग्रॅम, आणि तूप तेवढंच, २१९. आईच्या लाडवात पिठाच्या निम्म्याहून कमी तूप, माझ्या लाडवात दोन तृतीयांशाहून जास्त. लाडू बसणार नाहीत तर काय होईल? वाटी एकच असली की प्रमाण राहतं हे आईचं म्हणणं खरं होतं. त्यात एवढंच धरलेलं होतं की हातही एकच असेल आणि गिरणीही तीच.

काही ठिकाणी वाटी आणि काटा यांचं भांडणच नाही, तेही पाहून ठेवलं. चकलीच्या भाजणीतले तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, मुगाची डाळ, सगळे वाटीला १३० ते १३५ च्या आसपास. तिथं वाट्यांनी मोजा नाहीतर ग्रॅमनं, प्रमाण हलत नाही. चार वाट्या तांदळाला दोन वाट्या डाळ म्हटली काय आणि ४०० ग्रॅमला २०० म्हटली काय. म्हणूनच धाकट्याच्या चकल्या पहिल्या वर्षीपासून चांगल्या होत होत्या आणि त्याला आपण फराळात तरबेज झालो असं वाटत होतं. लोणच्याचं मीठ मात्र निराळं. आईचं जाडं मीठ, चमच्यात फटी ठेवून बसणारं. तोच चमचा बारीक मिठानं भरला की कितीतरी जास्त मीठ कैरीत जातं.

काट्यावरही आंधळा भरवसा नको, हे मी वहीत बाजूला लिहून ठेवलं. पावसाळ्यात पीठ हवेतला ओलावा धरतं. वजन तेवढंच दिसतं, पण त्यात थोडं पाणी आधीच असतं, आणि कणीक सैल होते. आई श्रावणात पाण्याचा हात आखडता घ्यायची.

पाचव्या दिवशी शंकरपाळ्यांचं पान आलं. एक वाटी दूध, एक वाटी तूप, एक वाटी साखर, आणि ‘मावेल तितका मैदा’. हे तीन शब्द प्रत्येक मराठी घरातल्या वहीत असतील. धाकट्यानं फोनवर हसून विचारलं, “मावेल तितका म्हणजे किती ग्रॅम?” ताई गप्प झाली. हे वजनात बसणारं नाही असं तिच्या चेहऱ्यावर होतं, आणि थोडं समाधानही होतं.

मला आदल्या रात्री एक युक्ती सुचली होती. मी मैद्याचा भरलेला डबाच काट्यावर ठेवला, वजन लिहून घेतलं आणि डबा ताईच्या पुढ्यात सरकवला. “तू आकड्याकडे बघू नकोस. तुझ्या हाताला वाटेल तितका घे.”

दूध, तूप, साखर उकळून कोमट होऊ दिलेलं होतं. ताईनं मैदा मुठीनं घालायला सुरुवात केली. पहिल्यांदा मिश्रण चमचाभर पिठाला दाद देईना, तुपाची तकाकी वर तरंगत राहिली. मग दाट झालं. मग परातीला चिकटायला लागलं. आणखी एक मूठ. मग कडा सुटायला लागल्या. तिनं गोळा उलटला, हाताच्या टाचेनं दाबला, बोट रुतवून पाहिलं. बोटाचा खळगा तसाच राहिला आणि कडांना भेग पडली नाही. तिचा हात पुन्हा डब्याकडे गेला, अर्ध्यावर थांबला, चिमूटभर घेऊन आला. आणि मग थांबला तो थांबलाच. कुणी सांगितलं नाही थांब म्हणून. मी तिच्या मनगटाकडे बघत होते. आई असंच थांबायची. थांबल्यावर मनगटानं कपाळावरचे केस मागे सारायची. ताईनं तेच केलं.

डबा परत काट्यावर. आधीच्या वजनातून आत्ताचं वजा केलं: ४६२ ग्रॅम. दुसऱ्या दिवशी पुन्हा घाणा केला, ४५५. रात्री शेजारणींसाठी आणखी एक, ४७०. मी वहीत ‘मावेल तितका मैदा’ खोडलं नाही. त्याच्याच पुढे बारीक अक्षरात लिहिलं: ‘ताईच्या हाताला साधारण ४६०.’ धाकट्याला कळवलं. त्यानं त्या रविवारी शंकरपाळ्या केल्या. ४०० ग्रॅमपर्यंत काट्यानं घे आणि पुढचे ६० ग्रॅम हातानं घे, असं ताईनं त्याला बजावलं होतं. रात्री त्याचा फोन आला. शंकरपाळी तोंडात घातली आणि विरघळली, म्हणाला, मग थोडा वेळ काही बोललाच नाही.

आठव्या दिवशी वहीच्या प्रत्येक पानावर वाट्यांच्या शेजारी दुसरा रकाना तयार होता. माझं अक्षर आईच्या अक्षराला चिकटून. तीन प्रती काढल्या. काही जागा कोऱ्या राहिल्या: आजीचा अच्छेर, ‘हाताला लागेल इतपत तूप’, खोबऱ्याच्या वडीतली ‘मूठभर साय’. कोऱ्या जागा तशाच तिन्ही प्रतींत आल्या.

ताईची गाडी संध्याकाळची. तिनं वाटी धुऊन पुसून ओट्यावर पालथी घातली होती. आपल्याकडे भांडं रिकामं परत देत नाहीत. मी वाटी उलथी केली, साखरेचा डबा उघडला आणि आईनं पीठ भरावं तशी भरली, शीग लावून, वर दाणे घरंगळतील इतकी. कापड आणायला वळले तर ताई म्हणाली, “थांब.”

तिनं वाटी डाव्या हातावर घेतली, माझा हात ओढून काठाखाली धरला आणि करंगळी काठावरून सावकाश फिरवली. शीग माझ्या तळहातावर उतरली. थोडे दाणे पोचा होता त्या बाजूनं, उशिरानं आले.